बंद कपाटातलं गाणं वाचत नाही

आपलं गाणं मुक्त परवान्यानं इंटरनेटवर ठेवणं म्हणजे कलावंतानं आपल्याच पोटावर पाय देणं, असं पुण्याच्या संगीतवर्तुळात पुष्कळदा ऐकू येतं. मैफलीच्या मध्यंतरात, शिकवणीच्या खोलीत किंवा एखाद्या संग्राहकाच्या दिवाणखान्यात विषय निघाला की बोलणं त्याच वळणानं जातं. फुकट दिलं की किंमत राहत नाही, कुणीही उचलून मोडतोड करील, विद्या अशी चव्हाट्यावर मांडायची नसते. आणि हल्ली त्यात आणखी एक भर पडली आहे, ती म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रं आपला आवाज गिळून टाकतील. बोलणारी माणसं गाण्यावर जीव टाकणारी आहेत, म्हणूनच त्यांना उत्तर द्यायला हवं. माझं म्हणणं असं की ज्या कुलूपबंद व्यवस्थेची ही माणसं राखण करतात, तिनं बहुतेक गाणाऱ्यांचं पोट कधी भरलं नाही, त्यांचं नाव जपलं नाही आणि आता तर ती त्यांचं गाणंही जपत नाही.

आधी परवान्याचं. आपल्याकडे १९५७चा स्वामित्वहक्क कायदा आहे. आज सकाळी तुम्ही तंबोरा लावून भैरवचा आलाप मोबाइलवर मुद्रित केलात, तर कुठंही नोंद न करता त्या मुद्रणावर तुमचा हक्क तयार होतो. तुमची परवानगी नसेल तर दुसऱ्यानं ते वापरणं सहसा बेकायदा ठरतं, मग तुमची इच्छा असो वा नसो. क्रिएटिव्ह कॉमन्सचे पहिले परवाने डिसेंबर २००२मध्ये आले. भारतात ही चळवळ जानेवारी २००७मध्ये मुंबईच्या आयआयटीत सुरू झाली. या परवान्यांनी गाणाऱ्याला एवढीच सोय दिली, की आपली परवानगी आणि आपल्या अटी त्यानं आधीच जाहीर कराव्यात. माझं नाव द्या. हवं तर, धंद्यासाठी वापरू नका. हवं तर, बदल करू नका. किंवा बदल केलात तर तुमचंही याच अटींवर खुलं ठेवा. यांतल्या कोणत्या अटी घालायच्या ते गाणाऱ्यानं ठरवायचं. मालकी त्याचीच राहते. दिलेला परवाना मात्र परत घेता येत नाही. हे गंभीर आहे आणि परवाना देण्याआधी प्रत्येकानं ते समजून घ्यायला हवं. पण याला हक्क सोडणं म्हणणं चुकीचं आहे. हक्क हातात आहे, म्हणून तर अटी घालता येतात.

आता पोटाचा प्रश्न. कॅसेटच्या वेष्टनावर ‘सर्व हक्क राखीव’ असं छापलेलं आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. हे राखीव हक्क कुणाचे? कायद्याच्या भाषेत ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे त्याचा निर्माता, ज्यानं ते मुद्रण घडवून आणलं तो. गाणारा नव्हे. एकरकमी बिदागी घेऊन सही करायची, ही पिढ्यान् पिढ्यांची रीत होती. तबलजी आणि पेटीवाल्याची सही तरी कुणी मागितली असेल का, शंकाच आहे. पुण्यातल्या शास्त्रीय गायकाचं घर चालतं ते बैठकींवर, शिकवण्यांवर, महोत्सवांतल्या मानधनावर. ध्वनिफितीच्या स्वामित्वशुल्कावर संसार उभे राहिले ते फार थोड्यांचे. चित्रपटगीतं लिहिणारे, चाली बांधणारे यांचं वेगळं आहे. त्यांच्या मानधनाचा वाटा कुणाला हिसकावता येऊ नये म्हणून २०१२ची कायदादुरुस्ती झाली आणि ती व्हायलाच हवी होती. ‘गीतरामायण’ १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून घरोघरी पोचलं. त्याचे कवी गदिमा १९७७ साली गेले, म्हणून त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत आहे. संगीतकार सुधीर फडके २००२ साली गेले, त्यांच्या चालींवरचा हक्क २०६२ अखेरपर्यंत. तो हक्क ज्यांचा त्यांच्याकडे राहो. मुक्त परवान्याची बाजू घेणारा कुणीही त्यावर हात टाकू पाहत नाही. बोलणं आहे ते ज्या मुद्रणातून कुणालाही एक रुपया मिळत नाही आणि जे तरीही बंद ठेवलेलं आहे, त्याविषयी.

खुलं ठेवलं तर काय होतं, याचं मोठं उदाहरण पुण्यातच घडलं आहे. संगीतवर्तुळाचं त्याकडे लक्ष नाही, कारण ते गाणं मंचावरचं नव्हे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ हे दोघं पुण्यात सेंटर फॉर कोऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस ही संस्था चालवत. मुळशी-मावळातल्या डोंगरी गावांत गरीब डोंगरी संघटनेचं काम करताना जात्यावरच्या ओव्या त्यांच्या कानी पडल्या. गावागावांत पिठाची गिरणी पोचली होती, जातं कोपऱ्यात सरकलं होतं आणि पहाटेचं गाणं बंद पडत चाललं होतं. गावातल्याच कार्यकर्त्यांना हाताशी धरून जवळपास दोन दशकं ओव्या गोळा झाल्या. हजारावर गावं, तीन हजारांवर बायका, एक लाखाहून जास्त ओव्या. फ्रेंच संगणकतज्ज्ञ बर्नार्ड बेल येऊन मिळाले आणि सुमारे १२० तासांचं ध्वनिमुद्रण झालं. पॉइटवाँ २००४ साली गेले, राईरकर २०१०मध्ये. सगळा ऐवज संस्थेच्या कपाटात राहिला असता तर त्याची काय गत झाली असती ते सांगायला नको. तो पत्रकार पी. साईनाथ यांच्या ‘पारी’कडे, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाकडे आला आणि मार्च २०१७पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली सगळ्यांसाठी खुला होऊ लागला. नमिता वाईकर, आशा ओगले, जितेंद्र मैड यांनी त्यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे.

त्यातलं एखादं पान उघडून बघा. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचं मुद्रण १९९६चं आहे. आधी आवाज ऐकू येतो, शेजारी ओवीचे शब्द, खाली गायिकेचं नाव, गाव, तालुका, जिल्हा, वय, मुलंबाळं, उपजीविका, मुद्रणाची तारीख. ओवी ज्या चालीवर म्हटली, त्या ‘गळ्या’चीही नोंद संग्राहकांनी ठेवली. माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्याही अशाच नावागावानिशी तिथं आहेत. ज्या बाईचं नाव सातबाऱ्यावर नाही, शाळेच्या पटावर कधी चढलं नाही, तिचं नाव तिच्या गाण्याला कायमचं जोडलेलं आहे. ते गाळून ओवी पुढं नेली तर परवान्याचा भंग होतो.

याच्या शेजारी आपल्या सुसंस्कृत मैफलींचं काय होतं ते ठेवा. एखाद्या जुन्या बैठकीचं मुद्रण व्हॉट्सॲपवर येतं. फाइलचं नाव म्हणजे आकड्यांची एक ओळ. गायक कोण ते पाठवणाऱ्याला नक्की माहीत नसतं. राग ओळखणारे दोघं दोन नावं सांगतात. तबल्यावर कोण होतं, ही बैठक कुणाच्या घरी, कोणत्या साली झाली, हे सांगणारं कुणी उरलेलं नाही. मुद्रण कुणी केलं होतं ते तर विचारूच नका. आणि हे सगळं ‘सर्व हक्क राखीव’ असलेलं गाणं आहे बरं का. मोडतोडीची भीती घालणाऱ्यांनी हे बघावं. गाणं तर पसरलंच. बंद ठेवल्यानं फक्त नाव पुसलं गेलं. मुक्त परवान्यात नाव देणं सक्तीचं आहे. बदल केला तर तसं सांगणं सक्तीचं आहे. आपल्या वापराला मूळ कलावंताचा पाठिंबा आहे असं भासवायलाही मनाई आहे. याशिवाय २०१२पासून कायद्यानंच कलाकाराला नावाचा आणि विटंबनेविरुद्धचा नैतिक हक्क दिला आहे आणि परवाना दिला म्हणून तो आपोआप बुडत नाही.

विरोधकांकडे एक आक्षेप खरोखर वजनाचा आहे, पण तो ते फारसा मांडत नाहीत. म्हणून मीच मांडतो. १९९६ साली ओसरीवर बसून ओवी म्हणणाऱ्या बाईला इंटरनेट म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. तिनं मायक्रोफोनसमोर गाण्याला होकार दिला. साऱ्या जगानं ऐकण्याला दिला होता का? ओवीत बाई सासरचा जाच सांगते, नवऱ्याचं वागणं सांगते, पोटच्या पोरीशी बोलते. ते जात्यापाशी बोललेलं असतं. आणि ओवीच्या शब्दांवर परंपरेमुळे कुणाची मालकी नसली, तरी गायिकेचा कलाकार म्हणून हक्क १९९४च्या दुरुस्तीनं कायद्यात आला आणि मे १९९५पासून लागू झाला. म्हणजे १९९६च्या मुद्रणावर त्या बाईचा हक्क २०४६ अखेरपर्यंत आहे. संग्राहकाला तो परस्पर वाटून टाकता येत नाही.

याचं उत्तर पारीच्या मंडळींनी कामातून दिलं. ते पुन्हा त्या गावांत गेले. हयात असलेल्या गायिका शोधल्या, त्यांना भेटले, त्यांच्याकडून पुन्हा ओव्या ऐकल्या, त्यांचे फोटो आणि कहाण्या आवाजाशेजारी ठेवल्या. मुद्रण खुलं करायचं असलं तर असं उठून गावात जावं लागतं, विचारावं लागतं आणि गायिका ‘नको’ म्हणाली तर ती ओवी बाजूला ठेवावी लागते. संमतीचा आक्षेप गाणं बंद ठेवण्यासाठी नाही, नीट विचारून खुलं करण्यासाठी आहे. कपाटातली फीत कुणाची संमती घेऊन बंद राहिली आहे, हा प्रश्नही मग विचारायलाच हवा.

मुक्त परवान्याच्या बाजूच्या माणसांशीही माझं एका जागी पटत नाही. पारीचा परवाना ‘नाव द्या, धंदा नको, बदल नको’ असा तिहेरी आहे. धंदा नको, हे मला पूर्ण मान्य आहे. मुळशीतल्या बाईचा आवाज उचलून कुणी मसाल्याची जाहिरात करावी आणि तिला कवडी मिळू नये, हे कुणालाच सोसवणार नाही. पण ‘बदल नको’ ही अट ओवीच्या स्वभावाला धरून नाही. ओवी एकीच्या तोंडून दुसरीच्या तोंडी जाताना बदलते. माहेरच्या गावाचं नाव बदलतं, भावाचं नाव बदलतं, ओळ वाढते. त्या बदलातूनच लाखभर ओव्या झाल्या. आज एखाद्या मुलीला आजीच्या गावची मुद्रित ओवी घेऊन त्यावर स्वतःचा गळा, स्वतःचा ताल चढवून ते लोकांपुढं ठेवायचं असेल, तर तिला आधी वेगळी परवानगी काढावी लागते. विकिपीडियाला चित्रं आणि ध्वनी पुरवणाऱ्या विकिमीडिया कॉमन्सवर ‘धंदा नको’ किंवा ‘बदल नको’ अशा अटींचं काहीच ठेवता येत नाही. म्हणून मराठी विकिपीडियावर ओवीबद्दलच्या लेखात ही मुद्रणं वाजवता येत नाहीत. पारीनं सावधपणा का बाळगला ते मी समजू शकतो, त्यामागे गायिकांबद्दलचा आदर आहे. तरी निदान काही ओव्या, त्या त्या बाईला विचारून, ‘नाव द्या आणि तुमचंही खुलं ठेवा’ एवढ्याच अटीवर सोडाव्यात, असं मला आग्रहानं सुचवायचं आहे.

विद्या चव्हाट्यावर मांडायची नसते म्हणणाऱ्यांना मी विष्णु नारायण भातखंडे यांची आठवण करून देईन. भातखंडे वकील होते, त्यामुळे मालकी आणि हक्क म्हणजे काय ते त्यांना चांगलं कळत होतं. घराण्याघराण्यांत चिजा लपवून ठेवायच्या काळात ते गावोगाव हिंडले, उस्तादांच्या मिनतवाऱ्या केल्या, मिळालेल्या चिजा स्वरलिपीत उतरवल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत छापल्या. तेव्हाही हेच म्हटलं गेलं, की घराणं बुडेल, चीज बाजारात गेली. घराणी बुडाली नाहीत. उलट ज्या चिजा कुणी छापू दिल्या नाहीत, त्यांतल्या किती गाणाऱ्याबरोबरच गेल्या त्याचा हिशेब आज लागत नाही. भातखंडे १९३६ साली वारले, म्हणून आज त्यांची पुस्तकं कुणीही छापू शकतो, गाऊन मुद्रित करू शकतो. गुरूपुढं बसून मिळते ती तालीम पुस्तकातून मिळत नाही, हे त्यांनाही माहीत होतं. खुल्या मुद्रणातूनही ती मिळणार नाही. पण ज्या गावात गुरू नाही, तिथल्या पोराला निदान कान तयार करायला काहीतरी मिळेल.

कायद्यानं आधीच खुलं झालेलं गाणंही आपण बंद समजून बसलो आहोत. ‘मानापमान’ हे संगीत नाटक १९११चं. त्याचे शब्द कृ. प्र. खाडिलकरांचे. ते १९४८ साली गेले, म्हणजे शब्द २००९पासून मोकळे. संगीत गोविंदराव टेंबे यांचं. ते १९५५ साली गेले, म्हणजे चाली २०१६पासून मोकळ्या. आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीपासून साठ वर्षांनी संपतो, तेव्हा बालगंधर्वांच्या या पदांच्या जुन्या तबकड्याही मोकळ्या. शब्द, चाल, मुद्रण, तिन्ही मराठी माणसाची. तरी अशी तबकडी कुणी नेटवर चढवली आणि यंत्रानं आपोआप हक्काचा दावा टाकला, की चढवणारा घाबरून ती काढून टाकतो. या तारखा मांडून उत्तर दिलं असतं तरी भागलं असतं. त्या तारखा आपल्या संगीत विद्यालयांत शिकवल्या जात नाहीत. शिकवायला हव्यात.

यंत्रांबद्दल थोडंच बोलतो. मुक्त परवान्यातली नावाची अट यंत्रापुढं दुबळी पडते, हे खरं आहे आणि त्यावर कायदा व्हायला हवा. पण बंद ठेवल्यानं आवाज वाचला असं कुठं दिसलं? यंत्रांना बोलणं शिकवण्यासाठी आवाज गोळा करणाऱ्या मोझिलाच्या कॉमन व्हॉइस प्रकल्पात मराठी माणसांनी आपला आवाज समजून-उमजून, सगळे हक्क सोडून दिला आहे. विचारून घेणं शक्य आहे, हे त्यावरून दिसतं. न विचारता घेणाऱ्यांशी भांडायचं तर आपल्या अटी लिहून ठेवलेल्या हव्यात. काहीच न लिहिणारा त्या भांडणात दुबळाच पडतो.

आणि वेळ फार उरलेला नाही. पुण्यात घरोघरी खासगी बैठकींच्या स्पूल टेप आणि कॅसेटी आहेत. सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहताना त्यांतल्या किती भंगारात गेल्या ते कुणी मोजलेलं नाही. ज्या उरल्या, त्यांना पावसाळ्यात बुरशी येते. जुन्या ॲसिटेट टेपला आंबूस वास सुटतो आणि ती आक्रसून कडक होते. कॅसेटमधला दाब देणारा स्पंजचा बारका तुकडा गळून पडतो. टेप ठीक असली तरी वाजवणारं यंत्र सापडत नाही आणि यंत्र दुरुस्त करणारा कारागीर तर त्याहून सापडत नाही. वारसांना वाटतं, हा ठेवा कधीतरी मोलाचा ठरेल. त्याआधी टेपचा थर सुटून येतो.

जुनं जपणं झालं, तसं नवं करणंही आहे. फिल्म इन्स्टिट्यूटमधल्या किंवा घरच्या संगणकावर लघुपट जुळवणाऱ्या मुलाला पावसाचा, बाजाराचा आवाज हवा असला की तो बार्सिलोनाच्या विद्यापीठानं २००५मध्ये सुरू केलेल्या फ्रीसाउंडवर जातो. तिथं मिळणारा बाजार बहुतेक वेळा परक्या देशातला असतो. तुळशीबागेतली गर्दी, मंडईतला लिलाव, पालख्या पुण्यात शिरतानाचे टाळ-मृदंग, विसर्जनाच्या मिरवणुकीतला ढोल-ताशा, हे आपणच मुद्रित करून आपल्याच अटींवर ठेवलं, तर जगातल्या कुठल्याही चित्रपटात पुणं पुण्यासारखं ऐकू येईल. जर्मनीत जन्मलेल्या किमिको इशिझाका या पियानोवादिकेनं २०१२ साली बाखची गोल्डबर्ग व्हेरिएशन्स लोकवर्गणीतून मुद्रित केली आणि सगळे हक्क सोडून जगाला दिली. बिदागी आधी मिळाली, गाणं नंतर सगळ्यांचं झालं. भांडारकर संस्थेपासून गणेश मंडळापर्यंत वर्गणीवर संस्था उभ्या करणाऱ्या या शहराला हे जमणार नाही असं मला वाटत नाही. पहिल्या तंबोऱ्यापासून शेवटच्या भैरवीपर्यंत एक अख्खी बैठक, कलावंतांना भरघोस मानधन देऊन, सगळ्यांच्या संमतीनं खुली करता येईल.

म्हणून वाचकांपुढं मागणं ठेवतो. घरात टेप असतील तर येत्या पावसाळ्याआधी त्या डिजिटल करून घ्या, दाबलेल्या एमपीथ्रीत नव्हे, वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये. गायक, वादक, राग, जागा, साल, मुद्रण करणाऱ्याचं नाव, आठवतं तेवढं सगळं आजच लिहून काढा. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, कारण ते सांगणारी पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. गाणारे हयात असतील तर त्यांच्याकडे, नसतील तर त्यांच्या वारसांकडे जाऊन परवानगी मागा, ती कागदावर घ्या आणि परवान्याचं नाव स्पष्ट लिहून मुद्रण इंटरनेट आर्काइव्हसारख्या ठिकाणी ठेवा. शिकणाऱ्या मुलामुलींनी स्वतःच्या रियाजातलं एखादं मुद्रण तरी आपल्या अटींवर खुलं करून बघावं. आणि पुढच्या वेळी कुणाचंही गाणं व्हॉट्सॲपवर पाठवाल, तेव्हा गाणाऱ्याचं आणि साथीदारांचं नाव लिहिल्याशिवाय पाठवू नका.